प्रोसेसरला पाजलेलं पाणी

हवेनं थंड करायचा की पाण्यानं, यावर त्या घरात दोन दिवस वाद चालला होता. इब्तिहालचं मत ठाम होतं. पाणी आणि वीज एका पेटीत नांदवायची म्हणजे दोन सवतींना एका खोलीत ठेवणं, कधी ना कधी भडका उडणारच. प्रोसेसर नवा घेतलाय ना, मग त्याच्या डोक्यावर चांगला मोठा पंखा बसवा आणि मोकळे व्हा.

"पंखा हवा कुठली मारणार, पोरी?" अबू मुंतझर काका म्हणाले. "या खोलीतलीच ना? या हवेत मी भाकरी भाजून देतो तुला."

काका सुरुंग काढणाऱ्या तुकडीचे प्रमुख. साठीला टेकलेले, बोलायला तिखट, तरुणपणी याच भागात शिपाई म्हणून लढलेले. इब्तिहाल त्यांच्या निम्म्या वयाची, नकाशे करणारी इंजिनीअर. सुरुंग काढणाऱ्या त्यांच्या संस्थेनं इराकमधल्या बसऱ्याजवळ अबुल खसीबला खजुरीच्या बागांमध्ये एक बैठं घर भाड्यानं घेतलं होतं आणि मागच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर होता. इराणबरोबरच्या लढाईत पेरलेले भूसुरुंग त्या बागांमध्ये अजून शाबूत होते. पेरणारे गेले, ज्यांच्यासाठी पेरले तेही गेले, सुरुंग मात्र आपले वाट बघत बसलेले.

घाई होती ती हाज्जी मिज्बानच्या बागेची. ती बाग खरं तर पूर्वीच साफ करून दिली होती. पण या वर्षी वसंतात कालव्याचा बांध फुटला आणि शेजारच्या साफ न केलेल्या पट्ट्यातले सुरुंग गाळाबरोबर हाज्जीच्या बागेत वाहत आले. किती आले आणि कुठे रुतले, अल्लालाच ठाऊक. ड्रोननं पहाटेच्या वेळी जमिनीच्या उष्णतेची हजारो छायाचित्रं काढून आणली होती. मातीत पुरलेली वस्तू मातीपेक्षा वेगळी तापते, वेगळी निवते. ती सगळी छायाचित्रं एकमेकांना जोडून एक नकाशा करायचा की त्यात सुरुंगांचे ठिपके दिसू लागतात. जुना प्रोसेसर हे काम करता करता अर्ध्यात मान टाकायचा. म्हणून नवा आणला.

आणि हाज्जी थांबायला तयार नव्हता. "शनिवारी माझी माणसं बागेत शिरणार," त्यानं दारात उभं राहूनच सांगितलं होतं. "बर्ही खजूर पिवळा आहे तोवरच त्याला गिऱ्हाईक. आठवडा गेला की मऊ पडतो, मग म्हशींना घाला. तुमच्या नकाशाची वाट खजूर बघत नाही."

"आणि कुणाचा पाय उडाला म्हणजे?" इब्तिहालनं विचारलं.

"मग तू लवकर कर ना बाई. मी का तुझा हात धरलाय?"

असला हेकट माणूस. पण त्याच्या बागेत त्याच्याच सुना, लेकी, भाचे राबणार होते, आणि तोही रात्री झोपत नव्हता हे त्याच्या डोळ्यांवरून दिसत होतं. इब्तिहालला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

मंगळवारी पंखा बसवून काम सुरू केलं. पंखा विमानासारखा घोंघावला, तापमानाचा आकडा शंभरावर गेला आणि कॉम्प्युटर स्वतःहून बंद पडला. खोलीत एसी होता, नव्हता असं नाही. पण मोहल्ल्याच्या जनरेटरवरून जेवढी वीज मिळायची तेवढ्यात एकतर एसी चालायचा नाहीतर कॉम्प्युटर. सरकारी वीज आली तर दोन्ही चालायचे, आणि ऑगस्टमध्ये सरकारी वीज म्हणजे श्रीमंत नातेवाईक, चहासुद्धा न घेता उठून जाणारी.

शेवटी इब्तिहालनं हात टेकले. बसऱ्याच्या बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या सज्जादकडून पाण्याची सोय मागवली. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा, दोन नळ्या, पंखे लावलेला रेडिएटर, पाणी फिरवणारा छोटा पंप आणि एक पारदर्शक टाकी. सज्जादनं फोनवर बजावलं, "ताई, बॅटरीचं पाणीच भर हं. नळाचं खारं पाणी घातलंस तर आत मिठागर होईल." तिनं सगळं जोडलं, नळ्यांचे सांधे दोनदा तपासले, आणि पाणी भरायचं काम काकांवर सोपवून ती घरी जेवायला गेली.

परत आली तेव्हा टाकी भरलेली होती, पंप मंद आवाजात चालत होता आणि पडद्यावर प्रोसेसरचं तापमान चौतीस दाखवत होतं. पूर्ण ताकदीनं काम चालू असताना चौतीस! तिनं काकांकडे बघून टाळी वाजवली. काका मिशीत हसले. "सांगत होतो की नाही? म्हाताऱ्याचं ऐकावं कधीतरी."

बुधवारी सकाळी तिच्या ते लक्षात आलं. भिंतीवरचा तापमापक एकेचाळीस दाखवत होता.

ती जरा वेळ दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. पाणी काही स्वतः थंडी तयार करत नाही. ते फक्त प्रोसेसरची धग उचलून खोलीच्या हवेत नेऊन टाकतं. एकेचाळीसच्या हवेत धग टाकून चौतीसला येता येत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. सेन्सर खोटं बोलत असणार म्हणून तिनं हातातला तापमापक आणून ठोकळ्यावर रोखला. त्यानंही चौतीसच दाखवलं. तिनं नळीला बोट लावलं. नळी गार होती आणि बाहेरून तिच्यावर बारीक दव धरलं होतं.

सज्जादला फोन लावला. तो हसायलाच लागला. "खोलीपेक्षा गार? बर्फ घातलायस का ताई? वल्ला, ती पेटी मला आणून दे, अख्खा बसरा माझ्या दुकानापुढे रांग लावेल."

"थट्टा नको सज्जाद. असं होऊ शकतं का?"

"नाही होऊ शकत," तो म्हणाला. मग जरा थांबून, "टाकीतलं पाणी कमी होतंय का बघ. कुठेतरी गळत असेल, ते उडून जाताना गारवा येत असेल."

हे पटण्यासारखं होतं. तिनं टाकीवर पेनानं रेघ मारली. सगळ्या सांध्यांखाली कोरडे कागद ठेवले. दुपारपर्यंत पाणी रेघेच्या चार बोटं खाली गेलं आणि कागद होते तसेच कुरकुरीत कोरडे राहिले. टाकीचं झाकण घट्ट होतं. तिनं ते आवळून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांदेखत पाणी आणखी थोडं खाली गेलं. सावकाश नाही, एकदम. कुणीतरी घोट घ्यावा तेवढं.

पुन्हा भरायला ती बॅटरीच्या पाण्याचा कॅन काढायला कपाटाशी गेली. कॅनचं सील तसंच होतं.

काका बाहेर ओसरीत चहा पीत बसले होते. तिनं कॅन त्यांच्यापुढे ठेवला. "काका, टाकीत काय भरलंत?"

"पाणी."

"कुठलं?"

काकांनी फाटकाकडे हनुवटी केली. तिथे त्यांनी स्वतः ठेवलेली पाणपोई होती, एक जुना फ्रिज आणि साखळीला बांधलेला पेला. येणारा जाणारा थांबून प्यायचा. "तुझा कॅन कपाटात आहे हे कुणाला माहीत? हे पाणीही मशीनचं गाळलेलं आहे. स्वच्छ आहे. मी रोज पितो, मला काय झालंय?"

"ते लोकांना प्यायला ठेवलेलं आहे ना?"

"मग? प्रोसेसर नाही का तापलेला?" काका हसले, मग त्यांचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. पेला बशीत ठेवून म्हणाले, "काय झालंय नीट सांग."

तिनं सांगितलं. 

"ओततानाही बोललो बघ मी," ते म्हणाले. "सवयीनं. फ्रिजमधलं पाणी ओतताना रोज बोलतो तेच तोंडातून निघून गेलं."

"काय बोलता?"

"ज्याला तहान असेल त्यानं प्यावं."

"आणि ते कुणाच्या नावानं ठेवलंय?"

"लढाईतल्या माझ्या तुकडीतल्या पोरांच्या." काका खजुरीच्या झाडांकडे बघत होते. "या बागांमध्ये अडकली होती. भर उन्हाळा. आम्ही कालव्याच्या पलीकडे होतो, त्यांच्या हाका ऐकू यायच्या. पाणी पोचवता आलं नाही."

"मग?"

"मग काय, पोरी. तिथेच आहेत ती."

इब्तिहाल उठली. तिला काकांचं वाईट वाटत होतं आणि भीतीही वाटत होती, आणि या दोन्हींवर तिच्याकडे एकच उपाय होता, तो म्हणजे जे करायला पाहिजे ते नीट करणं. गुरुवारी सकाळी तिनं काम थांबवलं, टाकीतलं पाणी बादलीत काढलं, नळ्या धुतल्या आणि सीलबंद कॅनमधलं पाणी भरलं. काका शेजारच्या पट्ट्यात तुकडीबरोबर गेले होते. त्यांना विचारायची तिला गरज वाटली नाही.

तापमान चढत गेलं. साठ. पंचाहत्तर. नव्वदीला येऊन ते अडकलं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू चालू लागला. शास्त्राप्रमाणे अगदी हेच व्हायला पाहिजे होतं. इतक्या गरम खोलीत, इतक्या छोट्या रेडिएटरवर, हेच. तिला क्षणभर हायसं वाटलं. जग आपल्या जागी परत आलं होतं.

पण नकाशा जागचा हलेना. जो शेवटचा तुकडा जोडायचा राहिला होता तो बागेच्या पश्चिमेचा होता, आणि कॉम्प्युटर सांगत होता की याला अजून तीन दिवस लागतील.

जेवणाच्या सुमाराला हाज्जी आला. या वेळी तो ओरडला नाही. "व्यापाऱ्याचा ट्रक शनिवारी पहाटे येतोय," तो म्हणाला. "मी नाही म्हणू शकत नाही बाई. वर्षभराचं पीक आहे. तू मला एवढंच सांग, कुठे पाय ठेवायचा नाही. बाकी मी तुला त्रास देणार नाही."

"पूर्वेकडचं सांगते. पश्चिमेचं अजून नाही सांगता येत."

"पश्चिमेलाच तर बायका बसतात खजूर निवडायला."

तो गेला. ती खोलीत परतली. शरजी सुटला होता, खाडीवरून येणारा तो दमट, चिकट वारा, आणि खोलीत श्वास घेणं म्हणजे ओलं फडकं तोंडावर धरण्यासारखं झालं होतं. दुपारची झोपेची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जनरेटरची धडधड तेवढी ऐकू येत होती.

पडद्यावर नव्वद.

इब्तिहालनं फार विचार केला नाही. केला असता तर जमलं नसतं. ती फाटकाशी गेली, फ्रिजमधून मोठा जग भरून आणला, टाकी रिकामी केली आणि त्यात पाणपोईचं पाणी ओतलं.

आकडा तसूभर हलला नाही.

ती वेड्यासारखी बघत राहिली. मग तिला स्वतःचंच हसू आलं. म्हणजे पाण्यात काही नव्हतं. उगाच आपण घाबरलो. आणि त्याच वेळी तिला डोळे बारीक करून खजूर निवडणाऱ्या बायका दिसल्या, मातीवर मांडी घालून बसलेल्या, आणि ती पुन्हा टाकीकडे वळली.

"ज्याला तहान असेल," ती म्हणाली. तिनं घसा खाकरला. "ज्याला तहान असेल त्यानं प्यावं."

पंपाचा आवाज बदलला.

टाकीतलं पाणी बोटभर खाली गेलं आणि थांबलं. पुन्हा बोटभर. पुन्हा थांबलं. पेला एका हातातून दुसऱ्या हातात जायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच थांबत होतं.

सत्तर. पंचावन्न.

तिनं जगमधलं उरलेलं पाणी ओतलं. तेही गेलं. ती धावत फाटकाशी गेली, भरून आली, ओतलं. पुन्हा गेली. तिच्या पायातली चप्पल कुठेतरी पडली आणि उन्हानं भाजलेल्या फरशीचं तिला भानही राहिलं नाही.

चाळीस. बत्तीस.

नळ्यांवरून दव ओघळायला लागलं. ते खाली पडून काही जळू नये म्हणून ती रुमालानं पुसत राहिली. वाकली असताना तिला ऐकू आलं. अगदी मागे, मानेजवळ. गटागटा पाणी पिताना घशातून येतो तो आवाज. मग दमून सोडलेला श्वास.

तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"प्या," ती म्हणाली. "आणखी आहे. सावकाश प्या."

नकाशा भराभर जुळत होता.

तिसऱ्या प्रहरी असरची अजान झाली तेव्हा शेवटचा तुकडा जागेवर बसला. पंप पुन्हा पूर्वीसारखा मंद वाजू लागला, टाकीतलं पाणी स्थिर झालं आणि आकडा हळूहळू चढत खोलीच्या तापमानाच्या वर गेला, जिथे तो असायला हवा होता. इब्तिहालनं काम जपून ठेवलं, त्याच्या दोन प्रती काढल्या आणि मग खुर्चीत बसून ढसाढसा रडली. दुःखानं नाही. सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

पश्चिमेच्या तुकड्यात एकच ठिपका होता. बागेच्या कडेला एक जुनं बोरीचं झाड होतं, त्याच्या सावलीच्या ऐन मध्यावर.

शुक्रवारी सुट्टी, पण सकाळी उजाडताच काका आणि त्यांची माणसं बागेत होती. पूर्वेकडचे सुरुंग निघाले तसे लाल झेंडे उपटले गेले. बोरीखाली काका स्वतः पालथे पडले आणि सळईनं माती चाचपत पुढे सरकले. सगळ्यांना बांधापलीकडे थांबवलं होतं. इब्तिहाल नखं कुरतडत उभी होती, शेजारी हाज्जी ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. बऱ्याच वेळानं काका उठून बसले, हात वर केला आणि हातातली ती मातकट चकती सगळ्यांना दाखवली. गाळाच्या अगदी पातळ थराखाली होती ती. चटई टाकून कुणी टेकलं असतं तरी पुरे होतं.

हाज्जी मिज्बाननं धावत जाऊन काकांच्या डोक्याचं चुंबन घेतलं. मग खांद्यांचं. मग रडता रडता शिव्या दिल्या, त्यांना, सुरुंगाला, कालव्याला आणि ट्रकवाल्याला. "माझ्या सुना बसतात हो इथे," तो परत परत म्हणत होता. "माझ्या सुना!"

"बस कर रे बाबा," काका म्हणाले. "सुना राहिल्या, आता तू जीव देशील. खजूर काढ आधी, भूक लागलीये."

बर्ही खजुराचे घोस आले, पिवळेधमक, दाताखाली कुरकुरणारे. बायका घरून रोट्या, ताक आणि तळलेले मासे घेऊन आल्या. सगळ्यांचीच जीभ सैल सुटली होती. काकांनी इब्तिहालला चिडवलं की आता तरी मान्य कर, पाणी ते पाणीच. तिनं मान्य केलं. तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं काहीही मान्य केलं असतं. गेल्या दोन दिवसांचं तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची गरजही वाटत नव्हती.

हाज्जीची थोरली सून वफिय्या तिच्या शेजारी येऊन बसली. पन्नाशीची, घोळदार काळ्या अबायातली, हातांना खजुराचा चिकटा लागलेली. तिनं इब्तिहालचा हात हातात घेतला.

"एक सांगू? सासऱ्यांना सांगू नकोस, मला जिवंत सोडायचे नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "काल दुपारी आम्ही तिघी जावा इथे येऊन गेलो. जागा झाडून चटया टाकून ठेवू म्हटलं, शनिवारची घाई नको."

इब्तिहाल एकदम तिच्याकडे वळली. "बोरीखाली? काल?"

"तर! पण बसलो नाही ना. तुझी माणसं आधीच बसलेली होती तिथे, सावलीत, अगदी दाटीवाटीनं. परक्या पुरुषांत कुठे जायचं, म्हणून बांधावरूनच परतलो. अल्लानं वाचवलं बघ."

"कुठली माणसं?"

"तुझीच गं. सुरुंगवाली. कोवळी पोरं होती, खाकी कपड्यांतली, मातीनं भरलेली. मला कसंसंच झालं, एवढ्या उन्हात बिचारी. माझ्याकडे सुरई होती, म्हणून लांबूनच विचारलं, पाणी देऊ का रे बाळांनो?" वफिय्या हसली. "चांगल्या घरची असणार. एकानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, नको मावशी, आत्ताच प्यालो आम्ही."